पदकाच्या कडेवरचे नाव

रायपूरच्या गोल बाजारासारख्या जुन्या बाजारात चांदी नेहमीच वजनाने ओळखली जाते. छत्तीसगढच्या खेड्यापाड्यांतून स्त्रिया राणीछाप रुपयांच्या माळा घालीत. त्या माळा गरजेच्या वेळी मोडल्या जात, आणि मोडलेली चांदी तराजूत पडली की तिच्यावरचा मुखवटा राणीचा की राजाचा, हे कोणी पाहत नसे. अशा चांदीत एखादी नाणे नसलेली चकती निघाली, तर तिचे मोलही तितकेच. ती चकती म्हणजे पहिल्या महायुद्धाचे ‘ब्रिटिश वॉर मेडल’ असेल, तर तिच्यात सुमारे अडीच तोळे चांदी भरते. एका बाजूस पंचम जॉर्जचा मुखवटा, दुसऱ्या बाजूस घोड्यावर बसलेला विवस्त्र पुरुष, घोड्याच्या टापांखाली शत्रूची ढाल आणि कवटी, शेजारी 1914 व 1918 ही साले. हे सारे लक्षावधी पदकांवर एकसारखेच आहे. त्या चकतीला एका माणसाची चकती करणारी गोष्ट तिसरीच असते, आणि ती समोरून पाहिल्यास दिसत नाही. ती तिच्या जाड कडेवर असते. तेथे बारीक अक्षरांत हुद्दा, नाव आणि पलटण किंवा खाते कोरलेले असते.

ही कड वाचण्याची विद्या फारशी कठीण नाही. पण ती घरांतून जवळजवळ लोपली आहे. घरात आजोबांची ‘मेडले’ असतात, ट्रंकेच्या तळाशी कापडात गुंडाळलेली. आजोबा लढाईत डॉक्टर होते एवढे सर्वांना ठाऊक असते. कोणत्या लढाईत, कोणत्या दर्जाचे डॉक्टर, आणि त्यांनी तेथे नेमके काय केले, या प्रश्नांपाशी सांगणारा अडखळतो. पदके यांपैकी पहिल्या दोन प्रश्नांचे काही उत्तर देतात. तिसऱ्या प्रश्नाला ती बहुधा मुकीच राहतात.

पहिल्या महायुद्धातून परतलेल्या लष्करी डॉक्टरपाशी सामान्यतः दोन किंवा तीन पदके असत. तीन असतील तर त्यांतील पहिला तारा. हा ब्राँझचा असून त्यावर एकमेकींना छेदणाऱ्या तलवारी व मध्यभागी ‘1914-15’ हे आकडे असतात. त्याला रुंद कड नसल्यामुळे नाव मागील सपाट बाजूवर कोरलेले आढळते. तारा आहे याचा अर्थ तो मनुष्य 31 डिसेंबर 1915 पूर्वी कोणत्या ना कोणत्या रणक्षेत्रावर पोहोचला होता. तारा नसेल तर तो नंतर गेला. दुसरे वर सांगितलेले चांदीचे पदक. तिसरे ‘व्हिक्टरी मेडल’, पिवळसर ब्राँझचे, पंखधारी विजयदेवतेचे. त्याची फीत इंद्रधनुष्याच्या रंगांची. या फितीवर कधीकधी ओकच्या पानाची एक लहानशी ब्राँझची आकृती टाचलेली असते. घरच्या मंडळींस ती शोभेची वस्तू वाटते, आणि फीत कुजली की ती हरवते. वास्तविक ती आकृती म्हणजे सेनापतीने आपल्या खलित्यात त्या अधिकाऱ्याचे नाव आवर्जून घेतले होते याची खूण होय. तिन्ही पदकांपेक्षा त्या पानाचे मोल अधिक, असे म्हणावयास हरकत नाही, कारण बाकीची पदके हजर असणाऱ्या प्रत्येकास मिळत.

चांदीच्या पदकाविषयी आणखी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. ते सर्वांना चांदीचे मिळाले नाही. मजूर पलटणी आणि छावणीतील सेवकवर्ग यांना तेच पदक ब्राँझमध्ये देण्यात आले. चित्र तेच, राजा तोच, फीतही तीच. धातू मात्र हलका. सैन्याच्या इस्पितळात झाडूवाला, पाणी वाहणारा भिस्ती, स्वयंपाकी अशी माणसे नसतील तर डॉक्टर एक दिवसही काम करू शकत नाही. गोळी मात्र धातू पाहून लागत नसते.

आता कडेवरील अक्षरांकडे वळू. नावापुढे ‘आय. एम. एस.’ अशी आद्याक्षरे असतील तर तो ‘इंडियन मेडिकल सर्व्हिस’चा अधिकारी, अधिकाऱ्याच्या नावामागे क्रमांक नसतो, केवळ लेफ्टनंट, कॅप्टन वा मेजर असा हुद्दा असतो. ‘आय. एम. डी.’ असेल तर ‘इंडियन मेडिकल डिपार्टमेंट’, आणि त्यामागे ‘एस. ए. एस.’ अशी अक्षरे असतील तर तो ‘सब-असिस्टंट सर्जन’. एका अक्षराचा हा फरक म्हणजे त्या काळातील सर्व समाजरचनाच होती. इंडियन मेडिकल सर्व्हिसची प्रवेशपरीक्षा 1855 पासून हिंदी उमेदवारांनाही खुली होती खरी, परंतु ती लंडनला होत असे. ज्याच्या घरी विलायतेच्या भाड्याची सोय, त्यालाच ते दार उघडे. पुण्यास 1878 मध्ये निघालेल्या भायरामजी जीजीभाई मेडिकल स्कूलसारख्या शाळांतून शिकून निघालेला मराठी तरुण सैन्यात गेला, तर तो बहुधा आधी ‘हॉस्पिटल असिस्टंट’ आणि पुढे 1910 च्या सुमारास नाव बदलल्यावर ‘सब-असिस्टंट सर्जन’ होत असे. त्याचा दर्जा जमादार वा सुभेदाराचा. जखमेवर पट्टी बांधणारा पहिला हात पुष्कळदा त्याचाच असे; पण भोजनाच्या मेजावर त्याची जागा वेगळी असे.

वरच्या खात्यातील मराठी नावे थोडी आहेत, पण लक्षात राहावीत अशी आहेत. लेफ्टनंट कर्नल के. आर. कीर्तिकर हे या खात्यातील शल्यवैद्य. त्यांना आज स्मरणात ठेवतात ते वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून. त्यांच्याच खात्यातील मेजर बामनदास बसू यांच्यासह त्यांनी सिद्ध केलेला भारतीय औषधी वनस्पतींवरचा बृहद्‌ग्रंथ 1918 मध्ये, कीर्तिकरांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झाला. साहित्याच्या जिज्ञासूंस ते 1909 च्या बडोद्याच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून परिचित असतील. अशा अधिकाऱ्यांची नावे शोधणे सोपे आहे. डी. जी. क्रॉफर्ड यांनी 1930 मध्ये या खात्यातील अधिकाऱ्यांची तीन शतकांची सूची छापली, आणि तीत प्रत्येकाच्या नोकरीच्या तारखा नोंदल्या. परंतु ती सूची अधिकाऱ्यांची. पुण्याच्या शाळेतून निघालेल्या सब-असिस्टंट सर्जनला तीत स्थान नाही. पदक वितळले, तर त्याच्यासाठी अनेकदा तेवढाच एक दाखला वितळतो.

तथापि पदकाची कड सर्व सांगत नाही, आणि काही गोष्टी तर ती हेतुतः सांगत नाही. जुन्या लढायांच्या पदकांना, पदक व फीत यांच्यामध्ये, चांदीची आडवी पट्टी असे व तिच्यावर रणक्षेत्राचे नाव असे. महायुद्धाच्या पदकालाही अशा पट्ट्या द्याव्यात असा विचार होता. खर्चाच्या भयाने तो सोडून देण्यात आला. त्यामुळे फ्रान्समध्ये बर्फात उभा राहिलेला डॉक्टर, पूर्व आफ्रिकेत हिवतापाने फणफणलेला डॉक्टर आणि मेसोपोटेमियातील डॉक्टर यांच्या पदकांत यत्किंचितही भेद नाही.

मराठी घरांच्या दृष्टीने यांतील मेसोपोटेमिया सर्वांत महत्त्वाचा. आजच्या इराकमधील त्या मोहिमेवर सहावी पुणे डिव्हिजन गेली होती, आणि तीत 103, 110 व 117 या मराठा पलटणी होत्या. नोव्हेंबर 1915 मध्ये टेसिफोन येथे लढाई झाली. एका फौजेचे चार हजारांहून अधिक लोक जायबंदी किंवा ठार झाले. जखमींना नेण्यासाठी पुरेशा रुग्णवाहिका नव्हत्या. स्प्रिंग नसलेल्या सामानाच्या गाड्यांवर मोडक्या हाडांची माणसे घालून नदीपर्यंत आणली गेली आणि तेथून उघड्या पडावांवर बसऱ्याकडे रवाना झाली. वाटेत कित्येक दिवस त्यांच्या पट्ट्या बदलल्या गेल्या नाहीत. बसऱ्यास एका इस्पितळी जहाजावर असलेल्या मेजर आर. मार्कहॅम कार्टर या आय. एम. एस. अधिकाऱ्याने असे एक जहाज धक्क्याला लागताना पाहिले. हगवणीने ग्रासलेली माणसे हलता येत नसल्याने होती तेथेच पडून होती, आणि जहाजाच्या बाजूंवरून मैला ओघळून वाळलेला होता. कार्टरने हे वरिष्ठांस स्पष्ट कळविले, तेव्हा त्याला अटकेची धमकी मिळाली. पुढे मेसोपोटेमिया कमिशनने त्याची साक्ष नोंदली. 1917 च्या उन्हाळ्यात अहवाल प्रसिद्ध झाला आणि भारतमंत्री ऑस्टेन चेंबरलेन यांना राजीनामा द्यावा लागला.

ज्या सब-असिस्टंट सर्जननी त्या पडावांवर, औषधे नसताना, पाणी पाजीत आणि माश्या वारीत रात्री काढल्या, त्यांना मिळाले ते तेच तीन धातूंचे तुकडे. पुढे कुतचा वेढा पडला. 7 डिसेंबर 1915 पासून 29 एप्रिल 1916 पर्यंत तो चालला. अन्न संपत आले तेव्हा घोड्याचे मांस वाटण्यात येऊ लागले. पुष्कळ हिंदी शिपाई ते घेईनात, आणि ताज्या भाजीअभावी त्यांच्यांत स्कर्व्ही पसरली. तेथील डॉक्टरचे काम शस्त्रापेक्षा समजुतीचे अधिक होते. शरणागतीनंतर सुमारे तेरा हजार लोक कैद झाले, आणि त्यांच्यासह त्यांचे डॉक्टरही.

शौर्यपदकांची गोष्ट वेगळी, आणि काहीशी चमत्कारिकही. डॉक्टर हा लढणारा मनुष्य नव्हे. मग त्याचे शौर्य कशावरून ठरवावयाचे? सामान्यतः दोन कसोट्या लावल्या जात: मारा चालू असताना तो उघड्यावर गेला काय, आणि स्वतः जखमी झाल्यावरही त्याने काम सोडले नाही काय. जॉन अलेक्झांडर सिंटन या आय. एम. एस. कॅप्टनने दोन्ही पार पाडल्या. मेसोपोटेमियातच, 21 जानेवारी 1916 रोजी, ओराच्या अवशेषांपाशी त्याच्या दोन्ही हातांतून व कुशीतून गोळ्या आरपार गेल्या. तरी उजेड असेपर्यंत तो जखमींची शुश्रूषा करीत राहिला. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. परंतु हिंदुस्थानवर सिंटनचे ऋण आहे ते त्या दिवसाचे नव्हे. नंतरच्या अनेक वर्षांत त्याने येथे हिवतापावर जे संशोधन केले त्याचे आहे. त्या कामास त्याच्या छातीवर क्रॉस नव्हता. रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मात्र 1946 मध्ये लाभले.

मराठा शिपायांशी अधिक जवळचे उदाहरण सोहनलाल भाटिया यांचे. हे जन्माने मराठी नव्हेत. केंब्रिज व लंडन येथे शिकून ते महायुद्धाच्या काळात आय. एम. एस. मध्ये आले आणि 105 व्या मराठा लाइट इन्फंट्रीचे डॉक्टर झाले. ही पलटण, म्हणजे आजची मराठा लाइट इन्फंट्रीची ‘काली पाँचवी’, 1918 मध्ये पॅलेस्टाईनच्या मोहिमेत होती. भाटियांना त्या वर्षी मिलिटरी क्रॉस मिळाला. युद्ध संपल्यावर ते मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीरशास्त्र शिकवू लागले व 1925 मध्ये तेथील पहिले हिंदी डीन झाले. मुंबई इलाख्यातील डॉक्टरांच्या एका पिढीला शरीराचे व्यापार समजावून देणारा मनुष्य मराठा पलटणीबरोबर रणांगणावर राहून आलेला होता, ही गोष्ट तितकीशी सांगितली जात नाही.

गंमत अशी की मिलिटरी क्रॉस हा त्या युद्धात कोराच दिला जात असे. हजर राहिल्याच्या पदकावर नाव, आणि पराक्रमाच्या क्रॉसवर नाव नाही! मिळविणाऱ्याने हवे तर स्वखर्चाने सोनाराकडून ते कोरून घ्यावे. म्हणून एखाद्या घरात चांदीचा क्रॉस सुटा सापडला तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. त्याच्यासोबतची नाव असलेली पदके जपलेली असतील तरच तो कोणाचा हे सांगता येते. हिंदी सब-असिस्टंट सर्जनला बहुधा मिळे ते ‘इंडियन डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडल’. हे 1907 मध्ये सुरू झाले आणि त्याच्या कडेवर मात्र नाव असते. पदके एकत्र ठेवणे आणि ती फार न घासणे, या दोन गोष्टी म्हणूनच महत्त्वाच्या. सणावाराला चांदीची भांडी राखेने वा रांगोळीने घासताना हौसेने पदकही घासले जाते. मुखवटा उजळतो, पण कडेवरची अक्षरे दरवर्षी थोडी थोडी झिजतात. मऊ कोरड्या फडक्याने पुसणे एवढे पुरे आहे. झिजलेली अक्षरेही तिरप्या उजेडात भिंगाखाली पदक हळूहळू फिरविले की पुष्कळदा वाचता येतात.

दुसऱ्या महायुद्धातील पदके संख्येने अधिक व धातूने साधी. षट्कोनी तारे पिवळ्या धातूचे, त्यांत मराठी घरांतून अधिक आढळणारे तारे आफ्रिका, इटली व ब्रह्मदेश यांचे. त्यांच्या जोडीला निकेलमिश्रित तांब्याचे युद्धपदक. इंग्लंडने आपल्या सैनिकांना ही पदके नावाशिवाय वाटली, पण हिंदी सैन्याला देताना नावे घालण्यात आली. येथे आपले दप्तर अधिक उदार ठरले.

ब्रह्मदेशाचा तारा ज्या डॉक्टरपाशी आहे त्याने बहुधा बंदुकीच्या जखमांपेक्षा कितीतरी अधिक हिवताप पाहिला असेल. 1943 मध्ये त्या आघाडीवर एका जखमी शिपायामागे एकशे वीस आजारी शिपाई मागे पाठवावे लागत होते. हिवताप, हगवण, त्वचेचे रोग. जनरल स्लिम यांनी फौज हाती घेतल्यावर मेपाक्रीनची गोळी रोज प्रत्येकाच्या तोंडात पडते की नाही याची अचानक तपासणी सुरू केली, आणि ज्या पलटणीत गोळी घेणारे पुरेसे निघाले नाहीत त्यांच्या प्रमुखांना दूर केले. तीन प्रमुख गेल्यावर बाकीच्यांना अर्थ समजला. या लढाईत डॉक्टरचे शस्त्र म्हणजे पिवळी गोळी, बाही खाली ओढण्याचा हुकूम, उकळलेले पाणी आणि नीट खणलेले शौचकूप. ज्याला हिवताप झालाच नाही असा शिपाई कोणत्याही दप्तरात ‘वाचविला’ म्हणून नोंदला जात नाही. त्यासाठी कोणता क्रॉस द्यावयाचा?

याच युद्धात, 3 एप्रिल 1943 रोजी, इंडियन आर्मी मेडिकल कोअरची स्थापना झाली आणि आय. एम. एस., आय. एम. डी. व हॉस्पिटल कोअर यांच्यांतील भिंती पडू लागल्या. स्वातंत्र्यानंतर 1948 मध्ये पुण्यास सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय निघाले. आता लष्करी डॉक्टर होण्यासाठी लंडनचे तिकीट काढावे लागत नाही. 26 जानेवारी 1950 रोजी परमवीर, महावीर व वीर ही चक्रे 15 ऑगस्ट 1947 पासून लागू म्हणून घोषित झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस कोरियात गेलेल्या 60 व्या पॅराशूट फील्ड अँब्युलन्सचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांना पुढे महावीर चक्र मिळाले. प्योंगयांग सोडण्याची वेळ आली तेव्हा आपली शस्त्रक्रियेची सामग्री मागे टाकण्यास त्यांच्या तुकडीने नकार दिला, एक आगगाडी मिळविली आणि जवानांनी स्वतःच ती हाकीत सामग्रीसह बाहेर काढली. डॉक्टरच्या शौर्याची ही तिसरी कसोटी जुन्या नियमांत कोठे लिहिलेली नव्हती.

या साऱ्या हिशेबात न बसणारे दोन मराठी डॉक्टर आहेत, कारण ते राजाच्या सैन्यात नव्हतेच. रायपूर ज्या मध्यप्रांत व वऱ्हाडात होते त्याची राजधानी नागपूर. तेथील डॉ. मोरेश्वर चोळकर आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस हे काँग्रेसने चीनला पाठविलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातील दोघे. पथकाचे प्रमुख डॉ. अटल, बाकीचे बसू व मुखर्जी. सप्टेंबर 1938 मध्ये हे पथक मुंबईहून निघाले. चोळकर वयाने ज्येष्ठ. ते 1939 मध्ये परतले. कोटणीस अठ्ठावीस वर्षांचे होते, ते राहिले. 1939 च्या आरंभी येनानला आणि नंतर उत्तर चीनच्या डोंगरांत ते आठव्या मार्ग सेनेबरोबर गेले. कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून शस्त्रक्रियेच्या वेळी झालेल्या जखमेतून रक्तात विष भिनून नोव्हेंबर 1939 मध्ये वारले होते. त्यांच्या नावाच्या आंतरराष्ट्रीय शांती इस्पितळाचे संचालकपद जानेवारी 1941 मध्ये कोटणिसांकडे आले. हे इस्पितळ इमारतीत स्थिर नसे. जपानी फौज जवळ आली की रुग्णांसह हलत असे. त्याच वर्षाच्या अखेरीस तेथील परिचारिका क्वो छिंगलान यांच्याशी त्यांचा विवाह झाला. 9 डिसेंबर 1942 रोजी अपस्माराच्या झटक्यांनी त्यांचा अंत झाला, वय बत्तीस.

पुढे 1946 मध्ये व्ही. शांतारामांनी त्यांच्यावर चित्रपट काढला, 1982 मध्ये चीनने व 1993 मध्ये भारताने त्यांचे तिकीट काढले. त्यांचे थडगे शिच्याच्वांग येथील हुतात्मा स्मशानभूमीत आहे. तेथे त्यांना ओळखतात ते ‘के दीहुआ’ या नावाने. पथकातील पाचही डॉक्टरांनी आपापल्या नावाच्या चिनी रूपाशेवटी ‘हुआ’, म्हणजे चीन, हे अक्षर जोडून घेतले होते, चोळकरांनीही. कोटणिसांचा मुलगा वडिलांच्या मृत्यूपूर्वी साडेतीन महिने जन्मला. त्याचे नाव ठेवले ‘यिन्‌हुआ’: पहिले अक्षर भारताचे, दुसरे चीनचे.